तांत्रिक सादरीकरणासाठी साधन निवडताना : पॉवरपॉइंट, इम्प्रेस, बीमर आणि इतर

सांगलीत तांत्रिक सादरीकरणे प्रामुख्याने तीन प्रकारच्या ठिकाणी होतात आणि तिन्ही ठिकाणची गरज वेगळी असते. विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेत अंतिम वर्षाचा प्रकल्प बाहेरच्या परीक्षकासमोर मांडायचा असतो, आणि त्यात समीकरणे, आलेख व संदर्भ भरपूर असतात. कुपवाड एमआयडीसीतील कारखान्यात ग्राहकाला किंवा व्यवस्थापनाला जे दाखवले जाते त्यात ड्रॉइंग, छायाचित्रे आणि चाचणीचे तक्ते असतात, शिवाय तीच फाइल पुढच्या महिन्यात दुसराच कोणी अभियंता दुरुस्त करून वापरतो. तिसरा प्रकार म्हैसाळ किंवा ताकारी उपसा सिंचन योजनेच्या लाभक्षेत्रातील बैठकांचा. तेथे पंपाचा आलेख शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगायचा असतो, पडद्याऐवजी अनेकदा भिंतच असते आणि इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही. या तिन्ही प्रकारच्या कामांसाठी मी वेगवेगळी सॉफ्टवेअरे वापरत आलो आहे आणि हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. फाइल कोणत्या संगणकावर उघडणार आणि पुढे ती कोण दुरुस्त करणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की साधनाची निवड बरीचशी आपोआप होते, असे माझे मत बनले आहे. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये किती सोयी आहेत याची तुलना त्यानंतर करावी.

सुरुवात पॉवरपॉइंटपासून करणे भाग आहे, कारण सभागृहांतील संगणकांवर बहुधा तेच असते. १९८७ साली फोरथॉट नावाच्या कंपनीने ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. तांत्रिक कामासाठी पॉवरपॉइंट कच्चे आहे, असा एक समज प्राध्यापकवर्गात अजून आढळतो, तो आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. अल्ट आणि बरोबरचे चिन्ह ही दोन बटणे एकत्र दाबली की समीकरणाची चौकट उघडते, आणि थोड्या सरावानंतर माऊसला हात न लावता अपूर्णांक, घातांक आणि ग्रीक अक्षरे टंकता येतात. पंपाची शक्ती म्हणजे घनता, गुरुत्वत्वरण, प्रवाह आणि शीर्ष (पाणी जेवढे उंच चढवायचे ती उंची) यांचा गुणाकार भागिले कार्यक्षमता, एवढे समीकरण त्यात सहज आणि नीटनेटके उमटते. अडचण येते ती जुन्या फाइलींची. आधीच्या काळात समीकरणांसाठी जो ‘इक्वेशन एडिटर ३.०’ वापरला जात असे तो सुरक्षेतील त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. त्यामुळे त्या काळातील व्याख्यानांच्या स्लाइडमधील समीकरणे चित्रासारखी दिसतात खरी, पण त्यातील एक अक्षरही सहजासहजी बदलता येत नाही. ज्या विभागांत वर्षानुवर्षे त्याच स्लाइड पुढे चालत आलेल्या आहेत, त्यांनी ही समीकरणे नव्याने टंकून घेणे हा सरळ मार्ग आहे.

पॉवरपॉइंटच्या बाबतीत मराठी माणसाला जास्त सतावणारा विषय फाँटचा आहे. २०२३ पासून ऑफिसचा मूळ फाँट कॅलिब्री न राहता ॲप्टॉस झाला. जुन्या ऑफिसवर तो नसतो, त्यामुळे त्याच्या जागी दुसराच फाँट येतो आणि ओळी खालीवर होतात. देवनागरीचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. मंगल हा फाँट विंडोज १० पासून मूळ संचात नाही, तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि निर्मला यूआय मात्र विंडोज ८ पासून सर्वत्र असतो. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर दाखवायची मराठी फाइल निर्मलामध्ये केलेली बरी. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा अधिक देखणा फाँट हवा असेल, तर जतन करण्याच्या पर्यायांत जाऊन तो फाइलमध्येच अंतर्भूत करून ठेवावा. छपाईच्या दुकानातून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असला, तर तो स्लाइडवर तसाच चिकटवू नये. आपल्या संगणकावर तो शुद्ध मराठी दिसतो आणि सभागृहातील संगणकावर त्याच जागी रोमन अक्षरांचा गोंधळ उभा राहतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यानंतर एकदा वाचून काढावा, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास दगा देतात.

पॉवरपॉइंटच्या दोन उपजत सवयींबद्दल माझी तक्रार कायम आहे. मजकूर वाढत गेला की चौकटीतील अक्षर आपोआप लहान होत जाते. करणाऱ्याला आपण जास्त लिहितो आहोत याची जाणीव होत नाही आणि शेवटच्या रांगेतील माणसाला काहीच वाचता येत नाही. दुसरी सवय मुद्द्यांच्या पोटात पोटमुद्दे घालण्याची. २००३ मधील कोलंबिया अंतराळयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या पद्धतीवर स्पष्ट ताशेरे ओढले होते. यानाच्या पंखावर आदळलेल्या उष्णतारोधक फोमच्या तुकड्याचे आकारमान १९२० घनइंच धरले होते आणि चाचण्या झाल्या होत्या त्या ३ घनइंचाच्या तुकड्यावर. हा सर्वांत महत्त्वाचा आकडा स्लाइडच्या तळाशी, पोटमुद्द्याच्या पातळीवर पडलेला होता. ही चूक करायला पॉवरपॉइंटच लागते असे नाही, पण त्याचा तयार साचा माणसाला त्याच वाटेने नेतो, म्हणून नवी फाइल उघडताच मी मुद्द्यांची चौकट काढून टाकतो आणि मथळ्याच्या जागी पूर्ण वाक्य लिहितो. ‘पंपाची कार्यक्षमता’ या मथळ्यापेक्षा ‘प्रवाह निम्म्यावर आला की कार्यक्षमता झपाट्याने घसरते’ हा मथळा ऐकणाऱ्याला काय पाहायचे ते सांगतो.

लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचातील इम्प्रेस हे स्लाइडचे साधन विनामूल्य आहे, मराठी भाषेतील मेनूंसह मिळते आणि जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालते. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे होऊन लिबरऑफिस उभे राहिले. तालुक्याच्या ठिकाणच्या शाळा, छोटे कारखाने आणि पाणी वापर संस्था यांच्यासाठी परवान्याचा खर्च नसणे ही मोठी गोष्ट आहे. पॉवरपॉइंटची फाइल इम्प्रेसमध्ये उघडते, पण ‘उघडते’ आणि ‘तशीच दिसते’ यांत अंतर आहे. स्मार्टआर्टच्या, म्हणजे पॉवरपॉइंटच्या तयार साच्यांतील, आकृत्या पूर्वीसारख्या बदलता येत नाहीत, हालचाली काही ठिकाणी निसटतात आणि फाँट बदलला की मजकूर चौकटीबाहेर जातो. समीकरणाची सोय आहे, मात्र तिची लिहिण्याची रीत स्वतंत्र असल्यामुळे ती नव्याने शिकावी लागते. इम्प्रेसची एक सोय मात्र मला इतर कोठेही इतकी उपयोगी वाटली नाही. पीडीएफ निर्यात करताना ‘हायब्रिड’ हा पर्याय निवडला की मूळ फाइल त्या पीडीएफच्या पोटात राहते. ती पीडीएफ कोणत्याही संगणकावर किंवा मोबाइलवर नेहमीसारखी वाचता येते आणि इम्प्रेसमध्ये उघडली तर दुरुस्तही करता येते. कारखान्यात ‘मूळ फाइल कोणाकडे आहे’ हा जो कायमचा वाद असतो, तो या एका खुणेने मिटू शकतो.

समीकरणे दाट असतील तर बीमरला पर्याय नाही, असे मी अजूनही मानतो. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभारले आणि त्या लाटेकमध्ये स्लाइड करण्यासाठी टिल टांटाऊ यांनी २००३ मध्ये बीमर प्रसिद्ध केले. यात स्लाइड डोळ्यांसमोर ओढूनताणून मांडायची नसते. साध्या मजकुराच्या फाइलीत आज्ञा लिहायच्या आणि ती फाइल संकलित केली की पीडीएफ तयार होते. समीकरणांचे क्रमांक, संदर्भांची यादी, आकृत्यांचे उल्लेख हे सगळे आपापल्या जागी बसते. प्रकल्प अहवाल लाटेकमध्येच लिहिलेला असेल, तर त्यातील समीकरणे जशीच्या तशी स्लाइडवर आणता येतात. फाँट पीडीएफमध्येच भरलेले असतात, त्यामुळे महाविद्यालयातील कोणत्याही संगणकावर ती फाइल हुबेहूब तशीच दिसते. परीक्षकासमोर पेनड्राइव्ह घेऊन उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या निश्चिंतीचे मोल फार आहे.

बीमरमध्ये मराठी लिहिता येत नाही असे अनेक विद्यार्थी धरून चालतात, कारण ओव्हरलीफ या ब्राउझरमध्ये लाटेक वापरू देणाऱ्या संकेतस्थळावर नवा प्रकल्प उघडला की मूळ संकलक (आज्ञांतून पीडीएफ बनवणारा भाग) पीडीएफलाटेक असतो आणि देवनागरी मजकूर दिला की तो त्रुटी दाखवतो. प्रकल्पाच्या मांडणीत जाऊन संकलक झीलाटेक असा बदलावा, फाँटस्पेक हे पॅकेज जोडावे आणि देवनागरी फाँटची फाइल प्रकल्पात चढवावी, म्हणजे जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या व्यवस्थित उमटतात. फाँट जोडताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे दोन्ही सांगितले, तर ज्या फाँटमध्ये तशी सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची येतात. पॉवरपॉइंटमध्ये ही गोष्ट साधण्यासाठी मराठी वळणाचाच फाँट शोधावा लागतो. ज्यांना आपल्या लिपीच्या वळणाबद्दल आस्था आहे त्यांनी एवढ्या एका कारणासाठी तरी झीलाटेक वापरून पाहावे.

बीमरच्या उणिवाही तितक्याच ठळक आहेत. एक महिरपी कंस बंद करायचा राहिला, की त्रुटीचा संदेश भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो. संगणकीय आज्ञावलीचे उतारे दाखवायचे असतील तर त्या स्लाइडला ‘फ्रॅजाइल’ असे सांगावे लागते आणि हे माहीत नसलेला विद्यार्थी रात्रभर चुका शोधत बसतो. एखादे चित्र थोडे डावीकडे सरकवणे, छायाचित्रावर बाण काढणे, दोन ड्रॉइंग शेजारी ठेवणे ही कामे पॉवरपॉइंटमध्ये जितकी सोपी तितकी येथे कंटाळवाणी आहेत. माद्रिद, बर्लिन, वॉर्सा अशी शहरांची नावे असलेले त्याचे साचे वर्गात पाहून पाहून सर्वांना पाठ झालेले आहेत, आणि त्यांतील काही साच्यांत कडेला किंवा माथ्यावर विभागांची जी यादी येते ती निष्कारण जागा अडवते. सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे कारखान्यातील सहकाऱ्याला लाटेक येत नसेल, तर ती फाइल तुमच्यानंतर कोणीही दुरुस्त करू शकत नाही. म्हणून कुपवाडच्या कामासाठी मी बीमरची शिफारस करीत नाही, मग त्यात समीकरणे कितीही असोत.

आलेखांचा प्रश्न सर्वच साधनांना समान आहे, आणि चांगली स्लाइड बिघडते ती बहुधा येथेच. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब हे आलेख काढणारे साधन काही न सांगता जो आलेख काढते तो ६.४ इंच रुंद व ४.८ इंच उंच असतो आणि त्यातील अक्षरे १० पॉइंटची असतात. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंचांची आणि तिच्यावरील मजकूर साधारण २४ पॉइंटचा असतो. तो आलेख आहे त्याच मापाने तेथे ठेवला की अक्षांवरील आकडे मजकुराच्या निम्म्याहूनही लहान पडतात. बीमरचे १६:९ प्रमाणाचे पान मात्र १६० बाय ९० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम ६.३ इंच रुंद असते आणि त्यावरील मूळ अक्षर ११ पॉइंटचे असते. पडद्यावर ते पॉवरपॉइंटच्या सुमारे २३ पॉइंटइतके दिसते. दोन साधनांतील पॉइंटचे आकडे थेट ताडून पाहण्यात त्यामुळे काही अर्थ नाही. आलेख स्लाइडवर जेवढ्या जागेत बसणार आहे तेवढ्याच मापाचा काढावा आणि त्यातील अक्षर मजकुराच्या अक्षरापेक्षा फार लहान राहणार नाही असे आधीच ठरवावे.

अक्षांवर मराठी नावे हवी असतील तर आणखी एक अडथळा आहे. मॅटप्लॉटलिबच्या मी वापरलेल्या आवृत्त्या देवनागरीची जुळणी करीत नव्हत्या. ‘लिटर’मधील वेलांटी अक्षराच्या डावीकडे न जाता उजवीकडे राहत असे आणि ‘कार्यक्षमता’मधील ‘क्ष’ फुटत असे. एक्सेल किंवा लिबरऑफिसच्या कॅल्कमधील आलेखात ही अडचण येत नाही. झीलाटेकसोबत पीजीएफप्लॉट्स हे आलेखांचे पॅकेज वापरले तर तेथेही मराठी नावे नीट येतात. घाई असेल तेव्हा मी आलेख नावांशिवाय काढतो, तो एसव्हीजी (कितीही मोठे केले तरी न फुटणारे रेघांचे चित्र) म्हणून स्लाइडवर आणतो आणि नावे तेथेच टंकतो. ऑटोकॅडमधील ड्रॉइंगचा स्क्रीनशॉट चिकटवण्याची सवयही अशीच सोडण्यासारखी आहे, कारण मोठ्या पडद्यावर मापांचे आकडे फुटतात. ड्रॉइंगची पीडीएफ करून ती इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी आणि तेथून एसव्हीजी घ्यावी, म्हणजे रेघा कितीही मोठ्या केल्या तरी स्वच्छ राहतात. पॉवरपॉइंटच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्या आणि इम्प्रेस दोन्ही एसव्हीजी स्वीकारतात.

ब्राउझरवर चालणाऱ्या साधनांची एक नवी पिढी आता संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांत रुजली आहे. मार्प, रिव्हील जेएस आणि क्वार्टो ही त्यांतील मला उपयोगी वाटलेली तीन. यांत मार्कडाउनच्या साध्या खुणांनी मजकूर लिहायचा असतो. मार्पमध्ये तीन आडव्या रेघा टाकल्या की पुढची स्लाइड सुरू होते. अक्षरजुळणी ब्राउझर करीत असल्यामुळे देवनागरीची काळजी उरत नाही, आज्ञावलीचे उतारे रंगांसह देखणे दिसतात आणि फाइल साधा मजकूर असल्याने कोणी काय बदलले हे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ओळीगणिक कळते. क्वार्टोमध्ये तर विदा (डेटा), आज्ञावली आणि आलेख एकाच फाइलीत राहतात. चाचणीचे आकडे बदलले की आलेखही बदलतो आणि जुना आलेख चुकून राहून जाण्याची शक्यता संपते. सावध राहायचे ते दोन ठिकाणी. मार्प पॉवरपॉइंटची फाइल काढून देते, पण तिच्यातील प्रत्येक स्लाइड एरवी एक चित्रच असते, त्यामुळे दुसऱ्याने ती दुरुस्त करावी ही अपेक्षा ठेवता येत नाही. रिव्हील जेएसमध्ये समीकरणे दाखवणारा भाग मूळ मांडणीत इंटरनेटवरून येतो. नेट नसेल तर पडद्यावर समीकरणांऐवजी त्यांच्या आज्ञा झळकतात. क्वार्टोमध्येही सर्व साहित्य एकाच फाइलीत भरण्याचा पर्याय निवडल्यावर समीकरणांसाठीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, हे त्याच्या माहितीपत्रात असले तरी फार थोडे लोक तेथपर्यंत वाचतात.

गूगल स्लाइड्स हे चार जणांनी मिळून कच्चा आराखडा करण्यासाठी उत्तम आहे. विद्यार्थी आपापल्या गावी असतानाही एकाच फाइलीवर काम करू शकतात, मार्गदर्शक प्राध्यापक तेथेच शेरे लिहितात आणि आधीची आवृत्ती परत आणता येते. परंतु गूगल डॉक्समध्ये समीकरणाची जी सोय आहे ती मी वापरलेल्या स्लाइड्समध्ये नव्हती, एसव्हीजी चित्र थेट घेता येत नाही आणि नेटशिवाय वापरायचे तर क्रोममध्ये त्याची तयारी नेट असतानाच करून ठेवावी लागते. आराखडा तेथे करून अंतिम फाइल दुसरीकडे पक्की करावी, असे मी सुचवीन. कॅनव्हा आमंत्रणपत्रिका, फलक आणि उद्घाटनाची पहिली स्लाइड यांसाठी छान आहे, पुढच्या स्लाइडसाठी मला तरी त्याचा उपयोग झाला नाही. विषय सांगितला की आयती स्लाइड करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवांबद्दल एवढेच म्हणेन की मथळ्यांचा क्रम सुचवण्यापुरत्या त्या ठीक आहेत. त्यांनी दिलेला कोणताही आकडा चाचणीच्या वहीशी ताडल्याशिवाय परीक्षकापुढे ठेवू नये.

तेव्हा महाविद्यालयातील प्रकल्पासाठी, विशेषतः समीकरणे आणि संदर्भ जास्त असतील तर, झीलाटेकवरील बीमर घ्यावे. विषय आज्ञावलीचा असेल तर मार्प किंवा क्वार्टो. कारखान्यात जे सगळ्यांना येते ते, म्हणजे पॉवरपॉइंट, आणि परवाना नसेल तर इम्प्रेस, मात्र एका गटाने दोन्हीत आलटूनपालटून तीच फाइल फिरवू नये. शेतकऱ्यांच्या बैठकीसाठी मी इम्प्रेस वापरतो आणि पीडीएफ सोबत नेतो. साधन कोणतेही असले तरी पेनड्राइव्हवर पीडीएफची प्रत असावीच. जुन्या प्रोजेक्टरचे पडदे ४:३ प्रमाणाचे असतात आणि १६:९ ची स्लाइड तेथे वर-खाली काळ्या पट्ट्यांसह लहान दिसते, म्हणून जागा माहीत असेल तर प्रमाण आधीच विचारून घ्यावे. दिवसाच्या उजेडात गडद पार्श्वभूमी धुरकट होते. तेथे पांढऱ्यावर काळे हीच मांडणी टिकते.

बैठकीच्या ठिकाणी छापील प्रतीची मागणी हमखास होते, आणि साधनांच्या तुलनेत हा मुद्दा सहसा कोणी धरत नाही. इम्प्रेस व पॉवरपॉइंट या दोन्हींत एका कागदावर अनेक स्लाइड छापण्याची मांडणी तयार मिळते. बीमरमध्ये त्यासाठी ‘हँडआउट’ हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर टप्प्याटप्प्याने उलगडणारी प्रत्येक स्लाइड चार-पाच वेळा छापली जाते आणि कागदाचा गठ्ठा वाया जातो. झेरॉक्सच्या दुकानात प्रती काळ्या-पांढऱ्याच निघतात. त्यामुळे शीर्षाची रेघ लाल आणि कार्यक्षमतेची हिरवी एवढ्यावर भागवलेला आलेख कागदावर दोन सारख्याच करड्या रेघांचा होतो. एक रेघ सलग, दुसरी तुटक ठेवावी आणि प्रत्येकीचे नाव कोपऱ्यातील सूचीत देण्याऐवजी रेघेच्या टोकाशीच लिहावे.